चार दात आणि एक डावा खांदा

३ मार्च, दुपारी

वरचे पुढचे चार दात गेले. गेले म्हणजे आपणहून नाही गेले, काढले. काढणारा : आमच्या रस्त्याच्या टोकाला बसणारा दातांचा डॉक्टर. आजपासून या वहीत त्याचा उल्लेख ‘पक्कड’ असा होईल. त्याला ‘अहो’ म्हणायचं ते फक्त तोंडावर.

दोन दात हलत होते हे मान्य. तिसऱ्याला खाच पडून तो उभा चिरला होता, हेही मान्य. पण चौथा? चौथा निव्वळ संगतीनं गेला. पक्कड म्हणे, याच्याखाली हाडच उरलं नाही, हा बिचारा एकटा राहून काय करणार. बिचारा म्हणाला आणि उपटला.

गेली तीन वर्षं तो मला सांगत होता की मास्तर, दोरा दातानं तोडू नका, हिरड्या दाखवून जा. तीन वर्षं सांगत होता याचा अर्थ तीन वर्षं तो टपून बसला होता.

‘दुखणार नाही हं’ म्हणाला. दुखलं नाही. पण ते इंजेक्शनमुळे. त्यात त्याचं काय?

काढलेले दात पिशवीत घालून माझ्याच हातात दिले. वर हे! घरी आल्यावर कॅनव्हासच्या तुकड्यात गुंडाळून कच्च्या दोऱ्यानं बांधले. ही म्हणाली, आली आणखी एक पुरचुंडी. मी महत्त्वाची वस्तू अशीच बांधून ठेवतो. किल्ल्या, गोळ्या, चष्म्याचा स्क्रू. शिंप्याच्या घरात तुकड्यांना काय तोटा. हिची तक्रार अशी की सगळ्या पुरचुंड्या सारख्याच दिसतात, उघडल्याशिवाय कळत नाही. मला कळतं. हाताला कळतं.

संकल्प : बदला. सविस्तर उद्या. आज तोंडात कापूस आहे.

४ मार्च

आरशात पाहिलं. पाहायला नको होतं. वरचा ओठ आत गेलाय, कॅनव्हास न घालता शिवलेल्या कॉलरसारखा. नाक एकदम पुढे आलंय. हे नाक इतकी वर्षं दातांच्या आधारावर होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

बोलताना वारा सुटतो. सकाळी हिच्याशी पेपरमधल्या बातमीवर बोललो तर तिनं पेपर मध्ये धरला.

नाश्त्याला टोस्ट. पुढच्या दातांनी तुकडा तोडायचा असतो हे आज तोंडाशी नेल्यावर आठवलं. दुधात बुडवून खाल्ला. लहान मूल आणि मी, एका पंगतीला.

संकल्प : मौन. न बोलणारा माणूस भारदस्त वाटतो आणि शत्रूला त्याचा अंदाज येत नाही. ही म्हणाली, कल्पना चांगली आहे, अगदी लग्नापासून करायला हवी होती.

मौन साडेदहाला मोडलं. मेहुण्यानं माझी इस्त्री जागेवर ठेवली नव्हती.

५ मार्च

दुकान. इथे थोडं लिहून ठेवलं पाहिजे, म्हणजे पुढे बदल्याचं कारण विचारायची वेळ माझ्यावरच येणार नाही.

दुकानात दोन मशिनं आणि एक कटिंग टेबल. एक मशीन माझं, दुसरं मेहुण्याचं, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचं. टेबल माझं. टेबलापाशी जो उभा राहतो तो मास्तर, हा आमच्या धंद्याचा नियम. बाकीचे सगळे शिवणारे.

मेहुणा दोरा कात्रीनं कापतो. छोटी कात्री, फितीला बांधून गळ्यात घातलेली. बघवत नाही. माझ्या उस्तादांनी मला दोरा दातानं तोडायला शिकवला. त्यानं टोक ओलं होतं, चपटं होतं, पुढच्या क्षणी सुईत जातं. कात्री शोधा, उचला, कापा, ठेवा, तेवढ्यात माझा एक काज होतो. कोटाची बाही आणि हा वेग, यावर मी उभा आहे.

आज बाही लावली. दोरा तोंडाशी नेला. तिथे कुणी नव्हतं. सवयीनं चार वेळा नेला, चारही वेळा कुणी नव्हतं. मग दाढेनं तोडायला गेलो तर रीळ कानापर्यंत आलं आणि गिऱ्हाईक हसलं.

टाचण्या ओठात धरायला गेलो, त्या ट्रायलला उभ्या गिऱ्हाइकाच्या बुटात पडल्या. तो नाचला.

मेहुण्यानं काही न बोलता गळ्यातली कात्री काढून पुढे केली. बोलला असता तरी चाललं असतं. काही न बोलता! मी घेतली नाही.

संध्याकाळी हिनं सुचवलं की दात बसेपर्यंत ट्रायल भावाला घेऊ द्या, तुम्ही आत बसा. म्हणजे टेबल सोडा. मी म्हटलं, मेलो तरी नाही. पण आजच एक गिऱ्हाईक आलं आणि मेहुण्याकडे बघून म्हणालं, मास्तर, पँट झाली का?

मास्तर!

हे पक्कडचं पाप. दात चार गेले, पण त्यानं हात घातला तो माझ्या टेबलाला. दातओठ खावेत असं वाटलं, पण त्यालाही निम्मं सामानच उरलंय.

१२ मार्च

पक्कडकडे. जखम बघायला म्हणून गेलो, शत्रूचा तळ न्याहाळायला.

त्यानं पर्याय सांगितले. पहिला : जबड्याच्या हाडात स्क्रू पिळायचा आणि त्यावर दात बसवायचा. मी काय कपाट आहे? शिवाय माझं पुढचं हाड झिजलंय, आधी त्यात भर घालावी लागेल, मग महिनोन्‌महिने थांबायचं. हा पर्याय मी बाणेदारपणे नाकारला. पक्कड म्हणाला, तुम्ही नाही, तुमच्या हाडानं नाकारलाय. कुणाला श्रेय म्हणून द्यायचं नाही, असा स्वभाव.

दुसरा : ब्रिज. दोन्ही बाजूंचे सुळे तासून त्यांना टोप्या घालायच्या आणि मधले चार त्यांच्या आधारानं लटकवायचे. म्हणजे चौघांच्या मरणाची शिक्षा दोन जिवंत शेजाऱ्यांना. पण पक्कं काम. ते हिरड्या भरून आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी.

तिसरा : काढता-घालता येणारी प्लेट. गुलाबी प्लास्टिकवर चार दात. हा कच्चा टाका झाला, पक्की शिलाई होईपर्यंतचा. मी म्हटलं, आधी कच्चा घाला, मग ब्रिज करा. त्याला वाटलं मी त्याचं ऐकलं. मी माझ्या धंद्याच्या पद्धतीनं गेलो.

आणि मग ती घटना. पक्कडनं कपाटातून कोटाचं कापड काढलं. गडद निळं, उत्तम. १३ एप्रिलला दातांच्या डॉक्टरांचं वार्षिक संमेलन आहे, मुख्य भाषण याचं आहे. रेडिमेड कोट त्याला बसत नाही, कारण जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून डावा खांदा उतरलाय. मास्तर, हा खांदा तुम्हीच सांभाळाल, म्हणे. आणि आपल्यात हिशोब नको, तुम्ही कोट शिवा, मी ब्रिज बसवतो.

भाषणाचा विषय विचारला. ‘दात गेल्यानंतर.’

माझे दात काढणार, त्यांच्यावर भाषण ठोकणार आणि तेही माझ्या हातचा कोट घालून! देवानं शत्रू मापासकट पाठवला.

१३ मार्च, सकाळी

योजना क्रमांक एक. मुंढा अर्धा इंच घट्ट कापायचा. खांदा आणि बाही जिथे मिळतात तिथे घट्ट झालं की माणूस हात खाली ठेवून राजबिंडा दिसतो. पण भाषणात हात वर करायला लागतो. पडद्यावर बोट दाखवायला पक्कड हात उचलणार आणि पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत उसवणार. टर्रर्र. सगळ्या डॉक्टरांसमोर. सगळ्यांचे दात दिसतील.

इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ही म्हणाली, गालात हसताय का, की गाल आत गेलेत?

१७ मार्च

प्लेट आली. तोंडात बशी ठेवल्यासारखं वाटतं. चव लागत नाही, कारण टाळूवर छप्पर. जीभ दिवसभर छपराखाली नवा भाडेकरू असल्यासारखी फिरतेय.

पक्कडच्या सूचना : झोपताना काढा, पाण्यात ठेवा, टोचलं तर या, घासून देतो. आणि दोरा तोडायचा नाही. हे वाक्य दोनदा म्हणाला. माणसाला हिणवावं तरी किती!

हिनं मला उजेडात नेऊन बघितलं. मग म्हणाली, लग्नातल्या फोटोपेक्षा बरे दिसताय. मी उत्तर द्यायला गेलो तोवर प्लेट पुढे सरकली होती.

दुपारी एकच, अगदी बारीक दोरा तोडून बघितला. दोरा तुटला नाही. प्लेट बाहेर आली आणि दोऱ्याला लोंबकळत राहिली. गिऱ्हाईक नव्हतं. मेहुणा होता. त्यानं मान फिरवली, पण खांदे हलत होते.

पाण्यात ठेवायला दुकानात भांडं नाही. कॅनव्हासच्या तुकड्यात बांधून ठेवली.

२४ मार्च

आज पक्कडचा कोट कापला. मुंढ्याला खडूची खूण अर्धा इंच आत केली होती. कात्री हातात घेतली. आणि कात्री बरोबर जागेवरून गेली.

नीट विचार केल्यावर लक्षात आलं की हे योग्यच झालं. पहिल्या ट्रायलला शत्रू गाफील राहिला पाहिजे. घट्ट करायचं काम शिवताना करता येईल.

खांदा उतरलाय खरा. डावीकडे पॅड जाड घालावं लागेल.

३१ मार्च

ट्रायल. कच्च्या शिलाईतला कोट पक्कडच्या अंगावर. त्याला हात वर करायला सांगितलं, खाली वाकायला सांगितलं, काल्पनिक पेशंटच्या तोंडात बघायला सांगितलं. एक सुरकुती नाही. दोन्ही खांदे एका रेषेत. मेहुणा मशीन थांबवून बघायला आला आणि म्हणाला, भाऊजी, असा खांदा मी कुठे बघितला नाही. शत्रूसाठी होता म्हणून, नाहीतर मलाही आनंद झाला असता.

टाचण्या हातावर ठेवून घेतल्या. दोनदा पक्कडला टोचल्या. एकदा चुकून.

पक्कडनं विचारलं, प्लेट टोचते का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं भर दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलं. गिऱ्हाईकं बघत होती. म्हणाला, लाल झालंय, या उद्या, घासून देतो.

गेलो नाही. शत्रूकडून उपकार घ्यायचे नाहीत. टोचलं की काढून बांधून ठेवायची, हा साधा उपाय आहे.

८ एप्रिल

योजना क्रमांक एक रद्द. कारणं : (अ) पाठीची शिवण नजरचुकीनं डबल झाली. हात विसरला. (ब) शिवण उसवली तर लोक विचारणार, शिंपी कोण? कॉलरच्या आत दुकानाचं लेबल आहे. बदला असा हवा की तो ज्याच्यावर घेतला त्यालाच जाणवावा, आणि त्यालाही कशामुळे ते कळू नये.

दुपारभर विचार केला. साडेतीनला सुचलं.

योजना क्रमांक दोन. डाव्या खांद्याच्या जाड पॅडमध्ये माझे चार दात. त्यानं स्वतःच्या हातानं उपटलेले. कोट घालील तेव्हा तेव्हा खांद्यात काहीतरी रुतेल. भाषणात रुतेल, लग्नसमारंभात रुतेल. हात लावील, झटकील, काही सापडणार नाही. पक्कड म्हातारा होईल तरी माझे दात त्याच्या खांद्यावर बसलेले असतील.

अंगावर काटा आला. असल्या गोष्टी मला कशा सुचतात!

११ एप्रिल, दुपारी ४.३०

फत्ते.

सविस्तर : घरून दातांची पुरचुंडी खिशातून आणली. टेबलावर ठेवली. प्लेट टोचत होती म्हणून तीही काढून बांधून बाजूला. डाव्या खांद्याचं अस्तर मुद्दाम उघडं ठेवलं होतं. तेवढ्यात पुढून हिनं हाक मारली की डॉक्टर आले. सहाला येतो म्हणाला होता, चारलाच हजर. दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही.

पुरचुंडी उचलली, चाचपली, दात लागले, पॅडमध्ये सरकवली, बाहेरून दिसणार नाहीत अशा टाक्यांनी अस्तर बंद केलं. शेवटचा दोरा कापायला मेहुण्याची कात्री वापरली. फक्त गुप्ततेसाठी.

पक्कडनं कोट घातला. आरशात बघतच राहिला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, मास्तर, परवा तुम्ही दोघांनी संमेलनाला यायचंच, पुढच्या रांगेत जागा ठेवलीय. मी मान हलवली. मनात म्हटलं, जा बाबा, आता तू कुठेही जा.

सायं. ५.३०

प्लेट सापडत नाही.

सायं. ६

मेहुणा. दुसरं कोण? प्लेट नसली की मी ट्रायल घेऊ शकत नाही, ट्रायल घेतली नाही की टेबल त्याचं. इतकं सरळ आहे. त्याचा ड्रॉवर उपसला. बटणं, तेलाची बाटली, पोराचा फोटो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की चोर घरातलाच आहे. त्यानं गळ्यातली कात्री काढून बहिणीच्या हातात दिली आणि निघून गेला.

गुन्हेगार असाच वागतो.

सायं. ६.४५

हिनं टेबलाखालून पुरचुंडी काढली. म्हणाली, ही घ्या तुमची प्लेट, आणि उद्या भावाची माफी मागा. मी गाठ सोडली.

आत चार दात. सुटे. ओळखीचे.

मी घाईनं मिटली आणि म्हटलं, हो हो, हीच ती.

१२ एप्रिल

शांत डोक्यानं परिस्थिती मांडतो. माझी प्लेट पक्कडच्या डाव्या खांद्यात आहे. त्याच्या लक्षात आलं तर ब्रिज विसरा. आणि बिनदाताच्या माणसाला कटिंग टेबलापाशी कोण उभं राहू देणार? गिऱ्हाईकं अगोदरच मेहुण्याकडे बघून बोलतात. म्हणजे एका पुरचुंडीत दात, टेबल आणि नाव, तिन्ही.

योजना क्रमांक तीन. पक्कडला फोन केला की कॉलरची इस्त्री मनासारखी झाली नाही, कोट पाठवा. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या मनासारखं कधी काही होतं का, कोट उत्तम आहे. ठेवला फोन.

मेहुण्याची माफी मागितली नाही. पण त्याची इस्त्री तापवून ठेवली. तो आला. कात्री पुन्हा गळ्यात घातली. ही म्हणाली, प्लेट का घालत नाही? म्हटलं, हिरडीला आराम देतोय.

१३ एप्रिल, सायंकाळी, संमेलनाहून आल्यावर

जायचं नव्हतं. ही हट्टाला पेटली. म्हणाली, पहिल्या रांगेत कधी बसलोय आपण? तोंड मिटून बसा, इतरांना वाटेल विचार करताय.

हॉल भरलेला. सगळे दातांचे डॉक्टर. शेकडो पकडी, आणि त्यांच्यात मी, तोंड मिटून.

पक्कड उभा राहिला. कोट… लिहावं लागतंय, कोट असा बसला होता की बोलण्याआधीच लोक गप्प झाले. त्यानं हात वर केला, पडद्यावर बोट दाखवलं. पाठीवर रेघ उमटली नाही. मुंढा जागचा हलला नाही. माझ्या शेजारी बसलेली ही मला कोपरानं ढोसत होती.

भाषणात तो म्हणाला की पुढचे दात गेले की माणसाचं खाणं नंतर अडतं, आधी हसणं बंद होतं. तो बोलताना तोंडावर हात धरायला लागतो. घरच्यांवर चिडतो. आपल्यावर तर चिडतोच, आणि चिडू दे, कुणावर तरी त्याला चिडलंच पाहिजे. हे ऐकताना माझा हात तोंडावर होता. तो मी ताबडतोब खाली घेतला.

मध्येमध्ये तो डावा खांदा चाचपत होता. बदला चालू होता म्हणायचा. पण मजा येत नव्हती.

नंतर चहाला सगळे त्याच्याभोवती जमले आणि कोट कुणी शिवला म्हणून विचारू लागले. त्यानं मला ओढत पुढे नेलं. हेच ते मास्तर, म्हणाला. लोकांनी हात मिळवले. संघटनेच्या अध्यक्षांनी तर जागच्या जागी कोट सांगितला. मी तोंड मिटून नम्र होत राहिलो. काहीतरी करायला हवं म्हणून पक्कडच्या खांद्यावर थाप मारली. डाव्या.

हाताला माझेच दात लागले.

१५ एप्रिल, दुपारी

लिहायचं नव्हतं. लिहितो.

पक्कड कोट घेऊन आला. सगळं उत्तम, फक्त डावा खांदा किंचित टणक लागतो, म्हणाला. मी म्हटलं, ठेवून जा, संध्याकाळी देतो. तो म्हणाला, आत्ता पेशंट नाहीत, बसतो. आणि स्टुलावर बसला, थेट टेबलासमोर. ही चहा घेऊन आली. मी चष्मा शोधत राहिलो. मेहुणा म्हणाला, भाऊजी, द्या इकडे, आणि गळ्यातल्या कात्रीनं अस्तर उसवलं.

पुरचुंडी टेबलावर पडली. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत.

पक्कडनं सोडली. प्लेट उजेडात धरली. स्वतःचं काम माणूस ओळखणारच. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि नुसता वारा आला.

मग तो म्हणाला, मास्तर, इतकी टोचत होती? काम करताना काढून ठेवली असणार आणि पॅडमध्ये गेली असणार, होतं असं. चूक माझीच, मी तेव्हाच घासून द्यायला हवी होती. मला माफ करा.

शत्रूनं माझ्या दुकानात, साक्षीदारांसमोर, माझी माफी मागितली. काटेकोर बघितलं तर हा विजय आहे. मग मला घाम का फुटला ते कळत नाही. उकाडा असावा.

हिनं पक्कड गेल्यावर कपाटातली दुसरी पुरचुंडी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि चहाचे कप घेऊन आत गेली. हिला सगळ्या पुरचुंड्या सारख्याच दिसतात म्हणे!

मेहुण्याला म्हटलं, तुझ्यावर संशय घेतला तो तत्त्वाचा प्रश्न होता. तो म्हणाला, राहू द्या भाऊजी, टेबलावर या, अध्यक्षांचं माप घेतलेलं आहे.

२० जून

ब्रिज बसला. सुळे तासताना पक्कड ‘दुखणार नाही हं’ म्हणाला. या खेपेलाही दुखलं नाही. आता त्याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

आरसा. ओठ जागेवर. नाक मागे. पक्कडसमोर पहिल्यांदा हसलो. ठरवून नव्हे, दात बघायचे होते म्हणून. तोही हसला. आम्ही दोघं बराच वेळ आरशात हसत होतो. बदल्याचं काय करायचं ते यामुळे जरा लांबणीवर पडलंय.

निघताना म्हणाला, मास्तर, चिनीमाती आहे. काही करा, दोरा तेवढा नको. मी म्हटलं, मी काय लहान आहे?

दुकानात आलो तर हिनं नवी छोटी कात्री फितीत ओवून गिऱ्हाईकांसमोर माझ्या गळ्यात घातली. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाण्याच्या बाटलीसारखी. मी विरोध केला नाही. शोभेला बरी दिसते. वापरायचा प्रश्न येत नाही, पण वापरणारच आहे. पक्का संकल्प.

दिवसभर टेबलापाशी. टाचण्या ओठात. तीन गिऱ्हाईकं मास्तर म्हणाली, माझ्याकडे बघून.

२१ जून, सकाळी ११

अध्यक्षांचा कोट. शेवटचा काज. दोन्ही हात गुंतलेले, कात्री गळ्यात उलटी फिरून पाठीवर गेलेली. दोरा बारीक होता. अगदी बारीक.

टक्.

११.१०

टवका उडालाय. पुढच्या दाताचा कोपरा. कुठे उडाला ते दिसत नाही. खाली नाही, टेबलावर नाही. कोट उघडा पडला होता, अस्तर अजून बंद केलेलं नाही.

मेहुण्यानं काही न बोलता त्याच्या गळ्यातली कात्री पुढे केली. घेतली.

११.३०

अध्यक्षांचं अस्तर उसवतोय. हिला म्हटलं, पक्कडला फोन लाव, पण कारण सांगू नकोस, कोटाच्या बाहीचं जरा काम आहे म्हण. हिनं तसंच सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. पलीकडचं ऐकून घेतलं. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, डॉक्टर विचारताहेत, या वेळी कुठल्या खांद्यात?